खांबावर चढण्याआधीचा आवाज

"नोकरीतल्या गमतीजमती लिहा," असं दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी धानाच्या बांधीत उभा होतो. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, आता शेतीच पाहतो. गमतीजमती नाहीत असं नाही. लग्नाच्या मांडवातून एका नवरदेवाने स्वतः फोन लावून "भाऊ, अंतरपाट धरला आहे जी, दहा मिनिटं तरी लाईन द्या" अशी विनवणी केली होती, ती मला अजून आठवते. पण लिहायला बसलो की माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस येतो, आणि त्याच्या गोष्टीत हसण्यासारखं फार काही नाही. तेव्हा ती गोष्टच लिहितो. आमच्या उपकेंद्राचं गाव वैनगंगेच्या काठच्या धानपट्ट्यात आहे, एवढं पुरे. नाव लिहीत नाही.

मी वीज उपकेंद्रात यंत्रचालक होतो. लोक ऑपरेटर म्हणतात. मोठ्या दाबाची वीज उपकेंद्रात येते, तिथल्या रोहित्रातून तिचा दाब कमी होतो आणि मग ती वेगवेगळ्या वाटांनी गावोगाव जाते. या प्रत्येक वाटेला फिडर म्हणतात. आमच्याकडे तीन फिडर होते. आत एका खोलीत लोखंडी कपाटासारखं पॅनेल, त्यावर काटे आणि दिवे. दर तासाला काटे वाचून लिहायचे, फोन घ्यायचा, आणि वेळ आली की फिडर बंद किंवा चालू करायचा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, खुर्चीवर बसायचं काम. कामही खुर्चीवरचंच आहे. फक्त त्या खुर्चीवरून दुसऱ्याचा जीव धरायचा असतो.

तो कसा, ते सांगतो. लाईनमनला खांबावर चढायचं असलं की तो ऑपरेटरला फोन करून परमिट मागतो. ऑपरेटर तो फिडर बंद करतो, पुढचा खटका उघडून कुलूप घालतो, लाईन जमिनीला जोडून घेतो, रजिस्टरमध्ये नोंद करतो आणि परमिटचा नंबर सांगतो. मग लाईनमन चढतो. काम झालं की तोच फोन करून नंबर परत सांगतो आणि म्हणतो, "माणसं खाली आहेत, लाईन चालू करा." मध्ये दहा-वीस किलोमीटरचं रान असतं. त्याला मी दिसत नाही, मला तो दिसत नाही. दोघांच्या मध्ये फक्त आवाज. मी तेहेतीस वर्षं हे काम केलं आणि त्यातली बहुतेक वर्षं मला वाटत होतं की त्या आवाजातला नंबर तेवढा महत्त्वाचा.

ललिता मांदाळे आमच्याकडे ऑपरेटर म्हणून आली तेव्हा माझी सहा वर्षं उरली होती. मी, रामटेके, मुख्य ऑपरेटर. ती ढिवराच्या घरची, तलावाच्या मासेमारीवर वाढलेली, आयटीआय केलेली. शांत मुलगी. पहिल्या आठवड्यात मला तिचं एकच खटकलं. ती फोनवर फार वेळ बोलायची.

आमच्याकडे लाईन गेली की फोन सुरू होतात. आम्ही जुने लोक तीन शब्दांत उरकायचो. "फॉल्ट आहे, येईल." आणि फोन खाली. ललिता विचारायची, "कोण बोलून राह्यले? कोणत्या गावचे?" एका दुपारी एका शाळामास्तरांचा फोन आला. लाईन गेली की ते दर वेळी फोन करायचे आणि दर वेळी इतक्या घाण शिव्या द्यायचे की आम्ही त्यांचा नंबर ओळखून फोन वाजू द्यायचो. ललिताने उचलला. मास्तर सुरू झाले. ती ऐकत राहिली. मी पॅनेलपाशी उभा राहून पाहत होतो. मास्तर दमले तशी ती म्हणाली, "गुरुजी, घरी कोणी आजारी आहे का?"

मग ते हळू आवाजात बोलले. त्यांची आई घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होती. मशीन विजेवर चाले. लाईन गेली की सिलिंडर लावायचं, आणि सिलिंडर किती वेळ पुरेल याची त्यांना खात्री नसे.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तुले कसं समजलं?"

"भाऊ, हा माणूस चिडून नाई राह्यला. घाबरून राह्यला. घाबरलेला माणूस एकच गोष्ट परतून परतून बोलते."

दुसऱ्या दिवशी तिने पॅनेलच्या बाजूच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. फिडरवार घरांची नावं. अशा मशीनवरची माणसं, औषधं फ्रीजमध्ये ठेवणारा एक दवाखाना, अंड्यांतून पिल्लं काढणारा एक शेतकरी. फिडर बंद करायचा असेल तर आधी त्यांना फोन.

मी तो कागद पाहून खूश झालो नाही. म्हणालो, "हे तुले कोणं सांगतलं? एखाद्या दिवशी फोन करायचा राहून गेला, त लोक म्हणतील तुम्हीच सांगणार होते. नसती जबाबदारी अंगावर काऊन घेतं?"

"राहून गेला तर माह्यावर," ती म्हणाली. कागद तसाच राहिला. मास्तरांच्या शिव्या बंद झाल्या. पुढे त्यांची आई गेली तेव्हा त्यांनी उपकेंद्रात येऊन ललिताला सांगितलं, की आता आमचं नाव काढून टाका. ती दोन मिनिटं तिथे बसून रडली. मला त्या वेळी तेही खटकलं होतं, हे लिहायला आज लाज वाटते.

मग तिने परमिटमध्ये हात घातला. आमच्याकडे एक वाईट सवय पडली होती. खांबावरून उतरलेला लाईनमन दमलेला असे, त्याच्या मोबाइलला रेंज नसे, मग दुसराच कोणी फोन करी. कंत्राटदाराचा माणूस, कधी सरपंच. "झालं काम, द्या लाईन." आणि आम्ही देत होतो. ललिता देईना. परमिट ज्याने घेतलं त्याच्याच तोंडून परत पाहिजे. आणि परमिट देण्याआधी ती प्रत्येकाला एखादा साधा प्रश्न विचारी. आज सोबत कोण आहे, डबा काय आणला, असं काहीही. लाईनमन हसत. एकदोघांनी माझ्याकडे तक्रार केली, की बाई डब्याची चौकशी करते.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "भाऊ, आमच्या तलावात जाळं ओढायच्या आधी माझे बाबा एकेकाचं नाव घेते. ज्याचं त्यानं स्वतः ओ द्यायची. दुसऱ्यानं देल्ली तर बाबा जाळं ओढू देत नाई. पाण्यात कोण कुठी आहे हे समजाले पाहिजे न. अन् आवाज ऐकून बाबाले समजते कोणाले थंडी भरली. त्याले मग बाहेर काढते."

"हे तलाव नाई," मी म्हणालो.

ज्याचं परमिट त्याच्याच तोंडून परत, ही गोष्ट मी मान्य केली, कारण ती नियमातही होती, आम्हीच विसरलो होतो. आणि दोन महिन्यांत तिचा उपयोगही झाला. एका गावातून सरपंचाचा फोन आला की काम झालं, लाईन द्या. ललिता म्हणाली, लाईनमनला बोलू द्या. सरपंच चिडले. आमच्या शाखा अभियंत्यांना फोन गेला, साहेबांनी मला फोन केला. ती जागची हलली नाही. वीस मिनिटांनी लाईनमनचा फोन आला. तो अजून काम करत होता. सरपंचांनी पाहिलेली माणसं दुसऱ्या टोळीची होती. त्या दिवसानंतर त्या नियमावर कोणी हसलं नाही.

पण प्रश्नाची गोष्ट मी हसण्यावारीच नेली. माणसाच्या आवाजावरून त्याचं मन ओळखायचं आणि त्यावर कामाचा निर्णय घ्यायचा, हे मला पोरखेळ वाटत होतं. माझ्या पिढीला असंच शिकवलं होतं. घरचं घरी, कामाचं कामावर.

आता नामदेवबद्दल लिहितो. नामदेव कुळमेथे हा आमचा सर्वांत जुना लाईनमन. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो. वादळात पडलेले खांब त्याने भर पावसात उभे केले, वाघाच्या भीतीने वनखात्याचा माणूस सोबत आल्याशिवाय कोणी पाय ठेवत नसे त्या बांबूच्या रानात हा एकटा लाईन तपासून यायचा. नियमाचा पक्का. लाईन बंद आहे हे फोनवर कळलं तरी आधी लांब दांडा लाईनला लावून खात्री करायचा, मगच चढायचा. नव्या पोरांना तो सांगे, "रामटेकेवर माहा भरोसा आहे, पण दांड्यावर जास्त आहे."

ते वैशाखातले दिवस होते. सकाळचे दहा वाजले असतील. मी आणि ललिता दोघंही ड्यूटीवर होतो, मी रजिस्टर पूर्ण करत होतो. नामदेवचा फोन आला, ललिताने घेतला. कालव्याजवळच्या खांबावरचा चिनीमातीचा इन्सुलेटर फुटला होता, तो बदलायचा होता. त्यासाठी परमिट हवं होतं. ती बोलली, थांबली, पुन्हा काहीतरी विचारलं. मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"भाऊ, नामदेवभाऊले आज चढू देऊ नका."

"काऊन? काय झालं?"

"माहीत नाई. सोबत कोण आहे विचारलं त म्हणे काय माहीत. मग म्हणे, हो, आहे एक माणूस. फिडर कोणता विचारलं त थांबून सांगतलं. नामदेवभाऊ कधी थांबते का? आवाज पाह्य न त्यांचा. जसा कोणी दुसराच बोलून राह्यला."

मी फोन घेतला. "काय रे, बरं आहे न?"

"बराच आहे," नामदेव म्हणाला. "रामटेके, सत्तावीस वर्षं चढून राह्यलो. आता बाईले विचारून चढू का? परमिट दे, गाव बंद आहे, लोक बोंबलून राह्यले."

त्याच्या आवाजात काही वेगळं होतं का? खरं सांगायचं तर मला ते ऐकूच आलं नाही. मला एवढंच दिसलं की माझ्या बरोबरीच्या माणसाचा एका नव्या मुलीपुढे अपमान होतो आहे. मी त्याचा मान राखायला गेलो.

"दे त्याले परमिट," मी ललिताला म्हणालो.

"भाऊ, दुसरा लाईनमन अर्ध्या तासात पोचते. तोवर थांबू."

"दे म्हटलं न."

तिने बाहेर यार्डात जाऊन फिडर बंद केला, कुलूप लावलं, सगळं रीतीप्रमाणे केलं आणि नंबर सांगितला. सांगताना म्हणाली, "नामदेवभाऊ, दांडा लावजा. आधी दांडा लावजा." त्याने हो म्हटलं.

पंचवीस मिनिटांनी पॅनेलवर आवाज झाला. बंद केलेला फिडर बंदच होता. दुसरा फिडर, जो चालू होता, तो धाडकन पडला, म्हणजे आपोआप बंद झाला.

असा फिडर पडणं रोजचं असतं. झाडाची फांदी टेकते, पक्षी अडकतो. आम्ही थोडं थांबून एकदा चालू करून पाहतो. टिकला तर ठीक, नाही तर लाईनमन पाठवतो. मी उठलो आणि सवयीने हात खटक्याकडे नेला.

ललिता माझ्या आणि पॅनेलच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"चालू करू नका."

"अगं, तो वेगळा फिडर आहे. नामदेवचा बंद आहे."

"कालव्यापाशी दोन्ही लाईनी जवळजवळ जातात," ती म्हणाली. "आधी त्यांनी फोन उचलला पाहिजे."

तिने नामदेवला फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिने पुन्हा लावला. मी तिथेच उभा होतो, माझा हात अजून थोडा वर उचललेला होता, एवढं आठवतं. तिसऱ्यांदा फोन कोणीतरी उचलला. सोबतचा कंत्राटी कामगार होता. त्याला नीट बोलता येत नव्हतं. ललिताने फोन कानाला तसाच ठेवला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

नामदेव चुकीच्या खांबावर चढला होता. कालव्याच्या त्या तुकड्यात दोन फिडरच्या लाईनी शेजारून जातात, खांब सारखेच. डावीकडच्यावर चढायचं, तो उजवीकडच्यावर चढला. दांडा त्याने लावला नाही. दांडा खाली गवतात पडलेला होता. पट्टा बांधलेला असल्यामुळे तो खाली पडला नाही, वरच लटकत राहिला. मी तो फिडर सवयीने चालू केला असता तर त्याच्या अंगातून वीज दुसऱ्यांदा गेली असती.

त्याला खाली उतरवलं, चंद्रपूरला नेलं, तिथून नागपूरला. जीव वाचला. उजवा हात खांद्याखाली कापावा लागला.

चौकशी झाली. वरून दोन साहेब आले. रजिस्टर पाहिलं, कुलपं पाहिली, परमिटची नोंद पाहिली. आमच्या बाजूने सगळं बरोबर होतं. लाईनमनने खांब चुकवला, दांडा वापरला नाही, असा निष्कर्ष निघाला. शेवटी एका साहेबांनी विचारलं, "परमिट देताना काही वेगळं जाणवलं होतं का?"

ललिता माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती माझ्या बोलण्याची वाट पाहत होती, हे मला कळत होतं. बोलण्याचा मान मोठ्याचा, म्हणून ती गप्प होती.

"नाही साहेब," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून तिने प्रश्न विचारणं बंद केलं. परमिट मागितलं की फिडर बंद, कुलूप, नंबर. फोन खाली. भिंतीवरच्या कागदावर नवीन नाव चढेना. लोकांचे फोन आले की तीन शब्द. "फॉल्ट आहे, येईल." माझेच शब्द तिच्या तोंडून ऐकताना मला कसंतरी व्हायचं. एखाद्याला एवढं शहाणपण असावं आणि आपण त्याला ते गिळायला लावावं, याहून वाईट काम मी नोकरीत दुसरं केलं नाही.

नामदेव घरी आल्यावर मी त्याला भेटायला गेलो. सावली तालुक्याच्या ठिकाणापुढे त्याचं गाव. तो ओसरीत खाटेवर बसला होता. बायको आत निजली होती. इकडचं तिकडचं झालं. मग तोच म्हणाला, "त्या दिवशी सकाळी नागपूरहून फोन आला होता. हिच्या तपासणीचा. कॅन्सर आहे म्हणे."

मी म्हणालो, "मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगून काय झालं असतं? तू म्हटलं असतंस, सुट्टी घेऊन घरी जा. घरी गेलो असतो त तिच्यासमोर बसा लागलं असतं. काय तोंड घेऊन बसू? खांबावर बरं वाटते. वर काही आठवत नाई." त्याने एकदा आत पाहिलं. "बाईनं ओळखलं होतं. मले तिचा रागच आला, रामटेके. बायकोले सांगतलं नाई, पोरीले सांगतलं नाई, अन् ही दहा किलोमीटरवरून फोनवर ओळखते. तिच्याच रागात चढलो मी. दांडा सुटला हातचा."

आतून बायकोने पाणी मागितलं. तो उठून डाव्या हाताने तांब्या घेऊन गेला. परत आल्यावर म्हणाला, "तिनं तुले काय सांगतलं होतं त्या दिवशी?"

मी सगळं सांगितलं. चढू देऊ नका म्हणाली ते, मी ऐकलं नाही ते, आणि नंतर पॅनेलसमोर उभी राहिली तेही. ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मग त्याने विचारलं,

"हे साहेबाले सांगतलं का?"

"नाई."

"माह्यं जे व्हायचं ते झालं," नामदेव म्हणाला. "पण उद्या अजून कोणी असाच चढन. तिचं ऐकलं जाईल का मंग? तू सांग."

तो मला एकही कडू शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मी दोन दिवस कागद पुढे घेऊन बसलो. मग लिहून दिलं. माझ्या सहकारी यंत्रचालक श्रीमती मांदाळे यांनी लाईनमनची मनःस्थिती ठीक नसल्याचं मला परमिटआधी सांगितलं होतं, मी ते मानलं नाही, चौकशीत मी ही गोष्ट लपवली, आणि त्याच बाईंनी दुसरा फिडर चालू करू न दिल्यामुळे माणूस जिवंत राहिला. शाखा अभियंता साहेब वाचून वैतागले.

"रामटेके, प्रकरण बंद झालंय. तुम्हाला निवृत्तीला किती राहिलं? रेकॉर्डवर नाही ते आता कशाला आणता?"

"साहेब, तिनं जे केलं ते कोणत्या नियमात नाई. म्हणून ते कागदावर आणा लागते."

मला लेखी ताकीद मिळाली. इतक्या वर्षांच्या स्वच्छ सेवापुस्तकात ती एकच. ती मिळाली तेव्हा मी ललिताला दाखवली. तिने वाचली, घडी केली, परत दिली. "उशीर केला भाऊ तुम्ही," एवढंच म्हणाली. तिने मला लगेच माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही.

पण माझ्या त्या कागदाने एक काम केलं. वरच्या एका साहेबांनी तो नीट वाचला. ते स्वतः आले, ललिताशी तासभर बोलले, ती काय विचारते, कसं ओळखते, ते लिहून घेतलं. तिला नीटसं सांगता येत नव्हतं. ती म्हणाली, "साहेब, रोज त्या माणसाशी थोडं बोललं पाहिजे. मग ज्या दिवशी तो बदलला त्या दिवशी समजते. एकाच दिवशी ऐकून नाई समजत." त्यानंतर आमच्या भागापुरता असा आदेश निघाला, की ऑपरेटरला शंका आली तर तो कारण न देता परमिट थांबवू शकतो आणि दुसरा माणूस मागवू शकतो. त्यावरून कोणाला जाब विचारायचा नाही, लाईनमनलाही नाही. चार ओळींचा कागद. मी तो स्वतः भिंतीवर लावला.

त्यानंतर एका सकाळी परमिटच्या फोनवर ललिताने विचारलं, "आज डबा कोणता आणला भाऊ?" मी रजिस्टरवरून मान वर केली नाही.

नामदेवची बायको त्या पावसाळ्यात गेली. दिवाळीनंतर तो कामावर आला. खांबावर तर चढता येणार नव्हतं, म्हणून त्याला आमच्या उपकेंद्रात फोनवर बसवलं. पहिले काही दिवस तो ललितासमोर अवघडलेला असे. एक दिवस त्याने तिला विचारलं, "बाई, त्या दिवशी माह्या आवाजात काय होतं?"

"भाऊ, तुम्ही त्या दिवशी माह्यं नाव घेतलं नव्हतं," ती म्हणाली. "रोज तुम्ही 'ललिताबाई, परमिट पाहिजे' म्हणता. त्या दिवशी नुसतं 'परमिट पाहिजे' म्हटलं."

नामदेवने मान खाली घातली. मग दोघंही कामाला लागले.

तो फोनवर असण्याचा एक उपयोग झाला, जो कोणी ठरवला नव्हता. लाईनमन ललिताला खोटं सांगू शकत, मला तर सांगतच. नामदेवला सांगू शकत नसत. त्याची रिकामी बाही सगळ्यांनी पाहिली होती. तो परमिट देण्याआधी फार काही विचारायचा नाही. "घरी सगळे बरे?" एवढंच. आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचा. त्याचं ते गप्प राहणं मी पुष्कळ प्रयत्न करूनही शिकलो नाही. मीही विचारायला लागलो होतो, पण माझं विचारणं पोलिसाच्या चौकशीसारखं होई. ललिता ऐकून कधी कधी हसायची. ती हसली की मला जरा हलकं वाटायचं.

माझ्या निवृत्तीला दोन महिने राहिले असतील. धान निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या, पाऊस मधेच थांबला होता, पाण्याच्या मोटारींवर सगळ्यांचं लक्ष. दुपारी एका फिडरवर तार तुटली. चार गावं बंद. शेतकऱ्यांचे फोन एकामागून एक. त्या फिडरवर प्रमोद नावाचा लाईनमन होता, पस्तिशीचा, तगडा, नामदेवनंतर सगळ्यांत धीट. नामदेव जेवायला गेला होता, ललिताची सुट्टी होती. फोन मी घेतला.

"बोल प्रमोद. परमिट देऊ?"

मागे माणसांचा गलका ऐकू येत होता, कोणीतरी त्याला चढ म्हणून ओरडत होतं.

"रामटेके भाऊ," तो म्हणाला, "आज मले चढवत नाई."

तेहेतीस वर्षांत हे वाक्य मी कोणाही लाईनमनच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आजारी आहे, पाय मुरगळला, खांबावर चढायचा झुला तुटला, अशी कारणं ऐकली होती. हे नाही. कारण विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"बरं," मी म्हणालो. "खांबापासून दूर बस. सावलीत बस. मी दुसरा माणूस पाठवतो."

"लोक चिडून राह्यले भाऊ."

"फोन त्यांच्याकडे दे."

त्याने फोन दिला. पलीकडचा माणूस माझ्यावर ओरडत राहिला, मी ऐकत राहिलो. तो दमल्यावर म्हणालो, "भाऊ, लाईन यायला दोन तास लागतील. तुमचा लाईनमन आज चढणार नाही. मीच त्याले खाली बसायले सांगतलं आहे. जे बोलायचं ते मले बोला, माहं नाव रामटेके. त्याले कोणी काही बोलू नका. अन् तिथी कोणाकडे पाणी असन त त्याले द्या."

मग तो माणूस फोन कानाला तसाच ठेवून कोणाला तरी म्हणाला, "अरे, त्याले बसू दे. पाणी आण."